रेडिओची खरखर आणि वीजतार

बुलढाणा जिल्ह्यांत मीडियम वेव्ह लावावी, तों हवामानाच्या वार्तेऐवजीं खरखरच कानीं पडते. आकाशवाणीस बोल लावण्यापूर्वीं खांबांवरील ढिले जोड पाहावेत, असें आमचें मत आहे. पुणें जिल्ह्यांतील खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांसही वीजतारांवरील ठिणग्या बाधतात; तेथें संगणकाची आज्ञावली मध्यकापासून फार दूर उडालेले आंकडे हेरून वगळते. संगणकास जोडावयाचा अंगठ्याएवढा रिसीव्हर आतां बाजारांत मिळतो. संस्थेनें एक घ्यावाच. पडद्यावर खरखरीचे पट्टे दिसतात. गांवच्या शिकलेल्या मुलानें आज्ञावली लिहिली, तर त्यांची वेळही टिपली जाते. घरचा मेन स्विच पाडूनही पट्टे राहिले, तर खांबांखालून फिरावें. ते दाट होतील तेथें बहुधा ठिणगी. ती उद्यां कडब्याच्या गंजीवरही पडेल. तोंडी तक्रारीची कचेरींत बोळवण होते (आम्हीं तेथेंच केस पिकविले). वेळेच्या नोंदीसह अर्ज द्यावा आणि पोंच घ्यावी.