चावडीवरची नोटीस

जमिनीच्या दप्तरात नवी नोंद व्हावयाची असली, म्हणजे तलाठ्याने तिची नोटीस चावडीवर लावावी, हितसंबंधी मंडळींस कळवावे, आणि पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्याने ती मंजूर करावी, हा क्रम जुना आहे. मौनास संमती मानणे यात दोष नाही. परंतु महाड-पोलादपूरकडील घरोघरची कर्ती माणसे मुंबई-पुण्यास. चावडीवरचा कागद वाचावयास गावी असतो कोण?

आता हीच नोटीस सरकारच्या ‘आपली चावडी’ या संगणकीय फलकावरही लागते. जिल्हा, तालुका व गाव निवडले की गिरगावात बसून बिरवाडीचा फेरफार वाचता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही 2018 पासून मिळू लागला असून, 15 रुपये भरले की तो घरबसल्या हाती येतो.

याचा लाभ सर्वांत अधिक कोणास? आमच्या मते, सासरी गेलेल्या लेकीस. वडील वारल्यावर वारसनोंदीच्या अर्जात तिचे नाव कधी विसराने, कधी हेतुपुरस्सर वगळले जाते. अर्जात नाव नाही, म्हणून नोटीसही तिच्या दारी जात नाही. 2005 च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत तिला भावाबरोबरीचा हक्क दिला. तो बजावावयाचा तर नोंद होत आहे हे तिला वेळेवर कळले पाहिजे. ते आता सासरी बसूनही कळू शकते.

मग दप्तर उघडले, काम संपले, असे कोणी म्हणेल. महाडकरांनी तरी ते म्हणू नये. चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव येथील नगरपालिकेने 1924 साली केला. ठराव दप्तरात राहिला. अस्पृश्य मानलेल्यांस तळे बंदच होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्यावरही सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केलेच, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास 1937 साल उजाडले.

तात्पर्य, हक्क कागदावर असो की पडद्यावर, तो घेणारा पुढे आल्याखेरीज खरा होत नाही. पोलादपूरच्या डोंगरवाडीतील म्हातारीस ‘फेरफार’ हा शब्दच उमगत नाही, आणि तेथे फोनची रेंजही धड मिळत नाही. तिच्यापुरता तो फलक कोराच आहे.

म्हणून आमची शिकल्यासवरल्या घरांस विनंती, की दर आठवड्यास कोणीतरी आपल्या गावचा फलक उघडावा. पंधरा दिवसांची मुदत महिन्याकाठी पाहून साधत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची नोंद दिसली तर त्यांस निरोप द्यावा. आणि आपल्या घरचा वारसनोंदीचा अर्ज लिहिताना लेकीचे नाव आपण होऊन घालावे. सरकारी दप्तर उघडे आणि घरची कागदांची पेटी मात्र बंद, हे सुशिक्षितांस शोभत नाही.