देणे, भीक आणि फीमाफी

मराठीतला ‘देणे’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. गोड गळा हे निसर्गाचे देणे, आणि दुकानदाराच्या वहीत आपल्या नावावर चढलेली बाकी, तेही देणेच! आमच्या आजरा भागात रोपलावणीला पैरा चालतो. आज तुम्ही आमच्या शेतात राबायचे, उद्या आम्ही तुमच्या. त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण? कोणी कोणापुढे वाकत नाही.

पण सगळ्याच शब्दांचे नशीब असे नसते. ‘भीक’ पाहा. भीक ही भिक्षेवरून आली. कोशकार सांगतात की, संस्कृतातील ‘भिक्ष्’ हा ‘भज्’ धातूच्या इच्छार्थक रूपातून निघाला, आणि ‘भज्’ म्हणजे वाटणे, वाटून घेणे. म्हणजे भिक्षा मागणारा हा मुळात आपला वाटा इच्छिणारा! याच धातूपासून भाग, विभाग, भक्ती हे शब्द झाले. ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेले अन्न. त्याचाच आपला ‘भात’ झाला. फारसीतून आलेले ‘बक्षीस’ही मुळात याच कुळातले. ज्या घनसाळ भाताचा आजऱ्याला अभिमान, तो आणि भीक एकाच घरची भावंडे आहेत, हे वाचले त्या रात्री मला ताटातला भात निराळाच दिसला.

(‘जहागीर’ची गंमत याहून वेगळी. आजरा इचलकरंजीच्या जहागिरीत होते. जहागीर राजाने द्यायची. पण त्या फारसी शब्दाचा अर्थ जागा धरणारा, घेणारा! मोठ्यांचे घेणे शब्दालाही लाजवत नाही.)

आता आपली ‘फीमाफी’. माफ म्हणजे मुक्त, सुटलेले, असाही अर्थ आहे, हे मान्य. पण बोलण्यात माफी असते ती गुन्ह्याला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. उत्पन्नाचा दाखला घेऊन मी एका कचेरीच्या खिडकीशी उभा होतो, तेव्हा ‘माफीवाले मागे थांबा’ असे ऐकले. सोबत वडील होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. कोणता गुन्हा केला होता त्यांनी? ते साबणाची वडी घेतात तिच्यावरही कर भरतात. त्याच पैशातून ही फी भरली जाते.

शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतल्या ५० टक्के जागा राखून ठेवल्या. ‘राखणे’ हे क्रियापद मला फार मोलाचे वाटते. शेतावरून यायला उशीर झालेल्या माणसाचा भात आई राखून ठेवते, ती काय दान करते?

अर्जावर ‘माफी’ऐवजी काय छापावे, असे कोणी विचारले तर मी ‘वाटा’ सुचवीन. दोन अक्षरे आहेत, आणि माझ्या वडिलांना ती समजावून सांगावी लागणार नाहीत.