अकाली सुरकुत्या

वार्धक्य कोणास चुकले आहे? परंतु वयाआधीच चेहऱ्यावर उमटणाऱ्या सुरकुत्यांचा दोष बहुधा आपल्या सवयींकडे जातो. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली एका मालमोटार-चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे खिडकीकडे राहिलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड व सुरकुतलेली. उजवी कितीतरी तरुण! माणूस एक, वय एक. अंतर केवळ उन्हाचे. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी काही काचेतूनही आत येतात व त्वचेस घट्टपणा देणारे कोलॅजेनचे तंतू हळूहळू तोडतात. विडी-सिगारेटचे व्यसनही त्वचेची अशीच हानी करते. गोरेपणाच्या हव्यासापायी डॉक्टरांस न विचारता चोळलेली स्टेरॉइडयुक्त मलमे तर त्वचा पातळच करून टाकतात.

डोक्यावरचा पदर, पागोटे, छत्री यांना जुनाट म्हणून आपण हसतो. परंतु त्यांमागे अनुभवाचे शहाणपण होते. आमच्या मते शाळांनी कवायत व सामने भर दुपारी न ठेवता सकाळ-सायंकाळी ठेवावेत, आणि विद्यार्थ्यांनी उन्हात छत्री धरण्यास लाजू नये. मलमास पैसे पडतात. सावली फुकट मिळते.