बर्फाखालचा मजूर

हिमालयात हिमस्खलन होऊन माणसे मेली की आपल्याकडे दोन ठराविक प्रतिक्रिया उमटतात. सत्ताधारी त्यास निसर्गाचा कोप म्हणतात आणि सुशिक्षित मध्यमवर्ग गिर्यारोहकांच्या बेफिकिरीची चर्चा करतो. दोन्ही प्रतिक्रिया सोयीच्या आहेत, कारण दोहोंतही मजुराला जागा नाही.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे बद्रीनाथजवळील माणा येथे सीमा सडक संघटनेच्या कामावरील मजुरांच्या तळावर बर्फ कोसळला. रस्त्यावरील बर्फ हटविण्यासाठी आणलेले हे मजूर लोखंडी कंटेनरांत राहत होते. ५४ जण सापडले. ४६ वाचले, ८ मेले. चंडीगड येथील संरक्षण संशोधन संस्थेने आदल्याच दिवशी चमोली जिल्ह्याच्या उंच भागास हिमस्खलनाचा इशारा दिला होता. याच जिल्ह्यात एप्रिल २०२१ मध्ये सुमना येथे रस्तेमजुरांचा तळ असाच गाडला गेला होता. मग माण्याच्या घटनेत अनपेक्षित ते काय होते?

हिमस्खलनाचे शास्त्र आज गूढ राहिलेले नाही. साधारणतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, जुन्या भुसभुशीत थरावर ताजा किंवा वाऱ्याने लोटलेला बर्फ साचला की वरचा थर लादीसारखा सुटून खाली येतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते. म्हणून जाणता गिर्यारोहक अंगावर संदेशयंत्र, पाठीवर फावडे आणि शोधकाठी बाळगतो, एकेकाने उतार ओलांडतो आणि इशारा मिळताच परत फिरतो. आमच्या कर्वेनगरातून हिवाळ्यात केदारकंठ्याला जाणाऱ्या तरुणांनी हे शिकलेच पाहिजे. परंतु या सर्व खबरदारीचा पाया म्हणजे परत फिरण्याचे स्वातंत्र्य. तरुण परतला तर त्याचे शुल्क बुडते. मजूर परतला तर त्याची रोजी बुडते आणि बहुधा कामही जाते. तळ कोणत्या उताराखाली टाकावा, हे तर त्याला कोणी विचारतही नाही.

कायदा काय म्हणतो? कामाच्या जागी प्राणसंकट उभे राहिल्यास जो कामगार सकारण काम सोडून दूर होईल त्याला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये, असे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९८१ सालीच आपल्या १५५ क्रमांकाच्या करारात नमूद केले. आपल्या संसदेने २०२० साली संमत केलेल्या सुरक्षाविषयक श्रमसंहितेने मात्र कामगाराला धोका मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क दिला. मालकाला तो पटला तर उपाय, न पटल्यास निरीक्षकाचा निर्णय! पहाटे माण्याच्या बर्फात हा निरीक्षक कोठून आणावयाचा?

सीमेवरील रस्ते राष्ट्ररक्षणासाठी हवेत, काम थांबवून कसे चालेल, असा आक्षेप घेतला जाईल. रस्ते हवेत हे मान्य. पण मजुरांचा निवारा धोक्याच्या उताराखालीच असावा, अशी राष्ट्ररक्षणाची कोणती गरज आहे? स्वित्झर्लंडमध्ये १९५०-५१ च्या हिवाळ्यात हिमस्खलनांनी नव्वदांहून अधिक बळी घेतले. त्यानंतर तेथे धोक्याचे नकाशे झाले, लाल पट्ट्यांत नव्या बांधकामास बंदी आली, उतारांवर अडसर उभारले गेले. १९९९ साली पुन्हा प्रचंड हिमवर्षाव झाला तेव्हा बळींची संख्या १७ होती. डोंगर तेच होते. समाजाने आपली जबाबदारी मानली, एवढाच फरक.

हे दुखणे हिमालयापुरते आहे असेही समजू नये. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे, बहुतांशी आदिवासी, गाडली गेली. गाव नाहीसे झाल्याची वर्दी बाहेर पोहोचली ती एसटीच्या चालकामुळे. तेथे बर्फ नव्हता, चिखल होता. पण उताराखाली राहणाऱ्याचा आवाज वर पोहोचत नाही, हे सूत्र एकच.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. हिमस्खलनाचा इशारा मालक व ठेकेदार यांच्यावर बंधनकारक करावा; इशाऱ्याच्या काळात तळ रिकामा करून मजुरांना पूर्ण रोजी द्यावी; धोक्याच्या नकाशावाचून एकही तळ उभा राहू नये; आणि प्राणसंकटात काम सोडण्याचा हक्क कायद्यात निःसंदिग्ध शब्दांत यावा. संकटानंतर दिलेली भरपाई ही दया ठरते. संकटापूर्वी मिळालेला नकाराधिकार हाच हक्क होय. कामगार चळवळीने दयेवर समाधान मानू नये.