सुरी कोणाच्या हुकमतीत?

दुकानाच्या पाटीची अक्षरे आता कुंचल्याने क्वचितच रंगविली जातात. व्हिनाइलमधून ती कापणारे यंत्र अनेक पेंटरांनी पदरमोड करून घेतले. परंतु त्याची आज्ञावली बहुधा विंडोजवरच चालते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. ज्यांचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यांच्यापुढे यंत्र धडधाकट असूनही नव्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला.

लिनक्स वा मॅककडे वळावे, तर वाट निर्वेध नाही. १९९३ मध्ये आरंभलेला ‘वाइन’ प्रकल्प विंडोजच्या पुष्कळ आज्ञावल्या लिनक्सवर चालवितो. मात्र यंत्राचा ड्रायव्हर आणि परवान्याचे डोंगल तेथे अनेकदा अडते. मॅकवर थेट विंडोज बसविण्याची बूट कॅम्पची सोय अॅपलने २०२० पासून आणलेल्या स्वतःच्या चिपांवर नाही.

वास्तविक सुरीला विंडोजचे सोयरसुतक नाही. अनेक कटर ह्यूलेट-पॅकार्डने प्लॉटरांसाठी घडविलेली एचपीजीएल भाषा जाणतात : लेखणी उचला, टेकवा, अमुक बिंदूकडे न्या. इंकस्केप ही मोफत आज्ञावलीही ती भाषा लिहू शकते. म्हणजे अशा ठिकाणी कुलूप यंत्राला नाही, आज्ञावलीला आहे. जेथे भाषाच गुप्त ठेवली जाते, तेथे मात्र पैसे मोजणारा कारागीर मालक न राहता कूळ ठरतो.

म्हणूनच खरेदीपूर्वी किंमतीच्या आधी भाषा विचारावी. आणि सरकारी प्रशिक्षण संस्थांनी तर ती अट निविदेतच घालावी.