नवी प्रणाली, जुनें यंत्र आणि दोषाची वांटणी

गेल्या श्रावणांत आमच्या परभणीच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला, आणि वडीलकीच्या नात्यानें त्याचा निकाल मजकडे आला. धाकट्या बंधूंची पत्नी, मुलांच्या काकू, बाहेरच्या खोलींत संगणक व प्रिंटर ठेवून येथील कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टंकून छापून देतात. दोन्ही यंत्रें त्यांनीं स्वतःच्या शिलकेंतून घेतलेलीं. एके रात्रीं मधल्या बंधूंच्या मुलानें पडद्यावर वारंवार येणाऱ्या सूचनेस ‘होय’ म्हटलें. सकाळीं पाहतों तों नवी कार्यप्रणाली येऊन बसलेली, संगणक उघडावयास पाव तास, आणि प्रिंटर मुका! तीन प्रबंध दुसऱ्याच दिवशीं द्यावयाचे होते.

घरांत एकमतानें ठराव झाला, कीं पोरानें घात केला. पोर जेवावयास उठेना. काकूंनीं मात्र ताट पुढें करून इतकेंच म्हटलें, “बाळ, आधीं जेव. दार तूं उघडलेंस खरें; पण आंत कोण येणार हें तुला कोणी सांगितलें होतें का?”

त्या प्रश्नानेंच मी विचारास लागलों. दुकानदारास विचारलें, तर तो कंपनीकडे बोट दाखवी. प्रणालीवाले म्हणाले, प्रिंटर आमचा नव्हे. प्रिंटरवाले म्हणाले, हा नमुना जुना. नव्या प्रणालीसाठीं त्याचा ड्रायव्हर आम्ही काढणार नाहीं. तिघेही आपापल्या परी खरें बोलत होते, आणि नुकसान मात्र चौथ्याचें होत होतें.

हा ड्रायव्हर म्हणजे एक दुभाषी होय. निजामी अमदानींत आपल्या जिल्ह्यांत कचेरीची भाषा उर्दू आणि रयतेची मराठी. मध्यें लिहून देणारा, समजावून सांगणारा कोणी नसेल तर शेतकऱ्याचें गाऱ्हाणें दप्तरापर्यंत पोंचणें कठीण. प्रणाली आणि यंत्र यांचेंही तसेंच आहे. कचेरीनें भाषा बदलली आणि दुभाषी दिला नाहीं, तर शेतकरी मुका ठरतो. पण म्हणून तो अपराधी ठरत नाहीं. संगणक मंदावण्याचें कारण निराळें. नव्या प्रणालीस स्मृति अधिक लागते. ती अपुरी पडली म्हणजे संगणक वारंवार साठवणीच्या तबकडीकडे धांव घेतो आणि त्यांतच वेळ जातो.

हा वाद आमच्याच घरचा नव्हे. २००७ सालीं मायक्रोसॉफ्टची विंडोज व्हिस्टा ही प्रणाली आली. तत्पूर्वीं विकल्या गेलेल्या अनेक संगणकांवर ‘व्हिस्टास समर्थ’ अशा अर्थाची चिठ्ठी होती. परंतु त्यांपैकीं कित्येकांवर तिची केवळ प्राथमिक आवृत्तिच नीट चाले. अमेरिकेंत त्यावरून दावा झाला. २००८ मध्यें न्यायालयानें त्यास सामुदायिक दाव्याचें स्वरूप दिलें व २००९ मध्यें तें काढूनही घेतलें. इटलींत मात्र ऑक्टोबर २०१८ मध्यें स्पर्धा व ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनें सॅमसंगला ५० लक्ष व ॲपलला १ कोट युरो दंड केला. नवी प्रणाली जुन्या फोनांस झेपेल कीं नाहीं याची पुरती कल्पना न देतां ती घेण्यास ग्राहकांस प्रवृत्त केलें, हा मुख्य आक्षेप. दंड झाला तो नव्या वस्तूबद्दल नव्हे, मौनाबद्दल. हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, जुन्याच प्रणालीवर राहावें. तेंही सर्वकाळ साधत नाहीं. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. आणि विंडोज ११ ला संगणकांत टीपीएम २.० नामक सुरक्षेची सोय लागते, ती पुष्कळ धडधाकट संगणकांत नाहीं. म्हणजे नव्यास यंत्र पुरत नाहीं, आणि जुन्यास राखणदार उरत नाहीं.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा जुलै २०२० पासून अमलांत आहे. व्यापारासाठीं वस्तु घेणारा त्यांत ग्राहक गणला जात नाहीं. परंतु केवळ स्वतःच्या श्रमानें उपजीविका करण्यासाठीं घेतलेली वस्तु हा व्यापार नव्हे, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. घरीं बसून चार पैसे मिळविणाऱ्या भगिनींनीं हें वाक्य अवश्य लक्षांत ठेवावें. १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे गेली पाहिजे, आणि तीसाठीं पावती व लेखी उत्तरें जपून ठेविलेलीं हवींत.

आतां माझा निकाल. जो बदल घडवितो त्यानें आधीं परिणाम सांगावा, हें मूळ सूत्र. म्हणून रुपयांतले सहा आणे दोष प्रणालीवाल्यांचा; कारण त्यांनीं रोज ‘घ्या’ म्हटलें, ‘तुमच्या प्रिंटरचें काय होईल’ हें एकदांही म्हटलें नाहीं. सहा आणे प्रिंटरवाल्यांचा. वस्तु टिकाऊ म्हणून विकावी आणि दुभाष्यास मात्र मध्येंच रजा द्यावी, हें न्यायाचें नव्हे. दोन आणे दुकानदाराचा. ‘पांच वर्षें पाहावयास नको’ हें वचन त्याचें.

उरले दोन आणे घरचे. त्यांतला एक मुलाचा, कारण दुसऱ्याच्या उपजीविकेच्या यंत्रास हात लावण्यापूर्वीं धन्यास विचारावें. दुसरा आणा माझा. कामाची प्रत निराळी काढून ठेवावी, आणि हातीं तांतडीचें काम असतां बदल घेऊं नये, हें घरांत सांगण्याचें काम वडिलांचें. तें मीं केलें नव्हतें.

नवी प्रणाली काढून जुनीवर परत जाण्यास थोड्या दिवसांची मुदत होती, तिचा लाभ घेऊन चौथ्या दिवशीं प्रिंटर बोलूं लागला. तीन प्रबंध मात्र बाहेरून छापून आणावे लागले. त्याचा खर्च मीं दिला. चौदा आणे ज्यांचे, त्यांना पत्रें गेलीं आहेत; उत्तरें यावयाचीं आहेत. त्या पत्रांचा मसुदा त्याच मुलानें केला, आणि काकूंनीं तो आपल्या यंत्रावर छापला.