पंपवाल्याचा गुन्हा काय?

विषाला औषध म्हणायचं आपल्याला कुणी शिकवलं? यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी जा. बाटली मोनोक्रोटोफॉसची असो की प्रोफेनोफॉसची, माणूस म्हणतो, औषध मारायला चाललो. मारायला! भाषेला सगळं कळतं. फक्त मरणार कोण, एवढं ती सांगत नाही.

ते २०१७ साली कळलं. त्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणी करता करता वीसच्या वर माणसं मेली. शेकडो दवाखान्यात पडली. ओकाऱ्या, छातीत कोंडणं, डोळ्यापुढं अंधार. मेले ते कोण? दुसऱ्याच्या वावरात रोजीनं पंप मारणारे मजूर, आणि स्वतःच पंप पाठीवर घेणारे लहान कास्तकार. बंगल्यातला एकही नाही.

मग शहाणे बोलायला लागले. किट घातलं नाही. हातमोजे नव्हते. वाऱ्याच्या तोंडावर फवारलं. दोन-तीन औषधं एकात कालवली. झालं! तपास संपला. गुन्हेगार सापडला. जो मेला तोच.

दोस्तहो, या एका वाक्याशी माझं भांडण आहे. 'त्यानं किट घातलं नाही.' दिसायला काळजीचं वाक्य आहे, पण काम करतं फाशीच्या दोरीचं. मेलेल्याच्याच गळ्यात पडतं.

पंपवाला कोण असतो ते आधी बघू. पाठीवर सोळा लिटर पाणी, त्यात विष. किती पाण्यात किती टाकायचं, नोझल किती उघडायचं, चाल किती ठेवायची, वारा फिरला तर तास कुठून धरायचं, बॅटरी उतरली तर काय करायचं, हे सगळं त्याच्या हाताला माहीत. हे तंत्रज्ञाचं काम आहे. शहरात असंच काम करणाऱ्याला टेक्निशियन म्हणतात, ओळखपत्र देतात, विमा काढतात. आमचा पंपवाला रोजी वाढवून मागायला गेला की मालक म्हणतो, पंप तर कोणीही मारते, त्यात काय अक्कल लागते? म्हणजे जिवंत आहे तोवर अकुशल. आणि मेला की एकदम तज्ज्ञ! मग त्याला सगळं माहीत असायला पाहिजे होतं. लेबल वाचायला पाहिजे होतं, रसायन समजायला पाहिजे होतं, वारा ओळखायला पाहिजे होता. पगार हमालाचा आणि जबाबदारी शास्त्रज्ञाची. हा कुठला हिशोब?

आता फौजेकडं बघू. मार्च २००२ मध्ये या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणं महिको-मोन्सॅन्टोचं, जीन अमेरिकन कंपनीचं. अळीच बोंड खाऊन मरेल, फवारे कमी होतील, असं सांगितलं. सुरुवातीला बोंडअळीचे फवारे कमी झालेही, ते खोटं नाही. २००६ साली दोन जीनवालं बियाणं आलं. पण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, घरची सरकी पेरून चालत नाही. आणि अळी काही कंपनीची नोकर नाही. गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी तर फवारे होतेच, ते वाढत गेले. २०१७ ला पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. दाट पऱ्हाटीत माणूस शिरला आणि वर तोंड करून फवारू लागला. औषध पानावर कमी, त्याच्याच अंगावर जास्त. मी मिलमध्ये काम करतो. त्या साली आलेल्या कापसात कवडी किती होती ते आमच्या हातांनी निवडलं. अळीनं बोंड खाल्लं, विषानं माणूस खाल्ला. बियाणं विकणाऱ्याचं बिल मात्र आधीच चुकतं झालं होतं.

या फौजेचा शेवटचा शिपाई आमचा पंपवाला. पण तो भरती झाला कसा? राजीखुशीनं? सालदाराला विचारा. पाडव्याला साल ठरलं की वर्षभर मालक सांगेल ते काम. पोरीच्या लग्नाला उचल घेतली असेल तर तोंड उघडायची सोय नाही. रोजीच्या मजुराला विचारा. श्रावणात निंदण सरलं की कामं आटतात, फवारा तेवढा चालू असतो. आज नको म्हटलं तर उद्या मालक वाड्यातून दुसरा उचलतो. याला संमती म्हणत असाल तर वेठबिगारीलाही संमतीच म्हणा. कोणतं औषध, कशात कालवायचं, हे ठरवतं कृषी केंद्रातला दुकानदार, उधारीच्या वहीकडं बघत. पैसा मालकाचा, अक्कल दुकानदाराची, नफा कंपनीचा. पाठ फक्त आमची.

कोणी म्हणेल, हातानं मारलं ना? मग हात जबाबदार. ही युक्ती जुनी आहे. भोपाळ आठवा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. तिथंही कीटकनाशकच बनत होतं. टाकी थंड ठेवणारं यंत्र बंद, वायू जाळणारी मशाल बंद. हजारो माणसं मेली. आणि कंपनीनं काय सांगितलं? एका नाराज कामगारानं मुद्दाम टाकीत पाणी सोडलं! एवढा मोठा कारखाना, एवढे मोठे साहेब, आणि दोषी कोण, तर पाळीवरचा कामगार. भोपाळला कामगार नाराज होता, यवतमाळला मजूर अडाणी होता. विशेषण बदललं, फाशी तीच.

जरा मागं जाऊ. १८५३ ला इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतला तो या काळ्या मातीतल्या कापसावर डोळा ठेवूनच. मग यवतमाळ ते मूर्तिजापूर छोटी रेल्वे टाकली. लोक तिला शकुंतला म्हणतात. मालक इंग्रजी कंपनी, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन, १९९४ पर्यंत तेच धावत होतं. दारव्हा, कारंजा करत कापूस मूर्तिजापूरला जायचा, तिथून मुंबई, तिथून बोटीनं पार. त्या इंजिनात कोळसा कोणी टाकला? रूळ कोणी उचलले? इथल्याच माणसानं. तो फायरमन इंग्रजांचा साथीदार होता काय? साथीदार ते, ज्यांनी कापसाच्या दलालीवर वाडे बांधले. नंतर तेच टोप्या घालून देशभक्त झाले. कोळसा टाकणाऱ्याच्या नावाचा कुठं साधा दगडही नाही.

आता खरी गोष्ट. परकी फौज दाराशी आली हे खरं. पण दार आधीपासून उघडं कुणी ठेवलं? मरायला तयार माणसं या मातीत तिला आयती कशी मिळाली? गाव नावाच्या कारखान्यानं ती हजारो वर्षं तयार करून ठेवली होती. मेलेलं ढोर ओढायचं असलं की बोलवा, विहिरीतला गाळ काढायचा असला की बोलवा, गटारात उतरायचं असलं की बोलवा. विष फवारायचं आहे? बोलवा त्यालाच. जुन्या यादीत एक नवी ओळ वाढली एवढंच.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. थुंकीचा विटाळ! त्या खात्यात पगार चांगला होता, म्हणून विटाळही कडक होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही असे कामगाराचे दोन शत्रू सांगितले. आज वावरात उभं राहून बघा. जिथं यंत्र पगार वाढवतं तिथं आम्हाला हात लावू देत नव्हते. जिथं यंत्र जीव घेतं तिथं तेच यंत्र आमच्या पाठीवर प्रेमानं बांधतात. पट्टासुद्धा आवळून देतात. पंपाला मात्र विटाळ होत नाही.

म्हणून नुसती 'परकी कंपनी मुर्दाबाद' ही आरोळी मला पुरत नाही. मोनोक्रोटोफॉस देशी कंपन्यांनीही बनवलं, विकलं. विषाला पासपोर्ट नसतो. स्वदेशीचा झेंडा घेऊन कोणी आला तर त्याला आधी विचारा, तुझ्या वावरात पंप कोण मारतो? त्याला घोंगता-टोपरा नाही, साबण आणि दोन बादल्या पाणी तरी देतोस काय?

सरकारनं काय केलं तेही बघा. १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, १९७१ चे नियम आहेत. विष हाताळणाऱ्याला अंगभर संरक्षक कपडे पाहिजेत असं त्यात लिहिलंय. पण कायदा वावरात उतरत नाही, चिखलात पाय भरतात त्याचे. २०१७ च्या नोव्हेंबरात पाच औषधांवर बंदी आली, तीही साठ दिवसांची, पाच जिल्ह्यांपुरती. नोव्हेंबरात! तेव्हा फवारणी सरत आलेली, कापूस वेचणीला आलेला. घर जळून गेल्यावर विहिरीला परवानगी. शेतकऱ्याच्या अपघात विम्याची योजना सातबाऱ्याला बांधलेली. ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही, त्यानं मरण कुठल्या उताऱ्यावर चढवायचं?

यातही काही माणसं उठली. २०२० साली जिल्ह्यातल्या पन्नासच्या वर कुटुंबांनी स्वित्झर्लंडमध्ये तक्रार केली. २०२१ ला दोन विधवा आणि एक वाचलेला माणूस बाझेलच्या कोर्टात गेले, सिंजेन्टा कंपनीविरुद्ध. कंपनीनं जबाबदारी नाकारली. पण पंपवाल्याच्या घरानं कंपनीच्या गावात जाऊन विचारलं, औषध कुणाचं? बोट पहिल्यांदा उलट्या दिशेला वळलं.

आता आपण. चौदा एप्रिलला आपण मिरवणूक काढतो, काढलीच पाहिजे. पण ऑगस्टात आपला माणूस पंप घेऊन पऱ्हाटीत शिरतो तेव्हा आपण कुठं असतो? प्रत्येक वस्तीत चार पोरांनी एवढं करावं. बाटलीवरचे त्रिकोण सगळ्यांना शिकवा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. लाल-पिवळ्याला वस्तीतल्या कोणीही हात लावायचा नाही, हे बैठकीत ठरवा. एकट्यानं नको म्हटलं तर दुसरा उचलतात. पूर्ण वाड्यानं नको म्हटलं तर कुणाला उचलतील? शेजारच्या पोडावरच्या कोलामांना, गोंडांना, तांड्यावरच्या बंजाऱ्यांना सोबत घ्या, नाहीतर मालक आपल्यातच बोली लावेल. किट, साबण, पाणी मालकानं द्यायचं, आणि दिल्याशिवाय पंप उचलायचा नाही. तालुक्याच्या दवाखान्यात अॅट्रोपिन आहे काय, रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी होते काय, हे पेरणीच्या आधी जाऊन विचारा, लिहून घ्या. कोणी आजारी पडला तर रिकामी बाटली सोबत न्या. डॉक्टरला ती लागते, आणि उद्या कोर्टालाही.

पंप चालवणाऱ्या हाताला पंप बंदही करता येतो. मालकाला ते माहीत आहे, म्हणून तो त्या हाताला अकुशल म्हणतो. ज्या दिवशी तो हात खटका बंद करून वावराच्या धुऱ्यावर येऊन बसेल, त्या दिवशी कंपनी, दुकानदार आणि मालक तिघंही धावत येतील, आणि त्यांना पहिल्यांदा कळेल की तंत्रज्ञ कोण होता.